डार्विनचा खर्डा

उत्क्रांतिवादाचा जनक म्हणून चार्ल्स डार्विनला शाळकरी मुलेही ओळखतात. पण या माणसाला लिहिणे जन्मभर जड गेले, हे सहसा सांगितले जात नाही. पहिल्यांदा उतरलेले वाक्य हमखास वाकडे असते, अशी त्याची स्वतःविषयीच तक्रार होती.

१८०९ मध्ये इंग्लंडमधील श्रूजबरी गावी जन्मलेला डार्विन १८३१ ते १८३६ ‘बीगल’ जहाजावरून जग हिंडला. नैसर्गिक निवडीचा विचार त्याला १८३८ मध्ये सुचला. १८४२ मध्ये त्याने पस्तीस पानांचे टिपण केले, १८४४ मध्ये त्याचाच सुमारे २३० पानांचा खर्डा झाला. मग तो कपाटात गेला. पुढे आठ वर्षे खडकांना व बोटींच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नेकलच्या अभ्यासात गेली. १८५६ मध्ये त्याने महाग्रंथ लिहायला घेतला, आणि पुराव्यांच्या भाराने तो फुगतच चालला.

१८ जून १८५८ रोजी मलाय द्वीपसमूहातून आल्फ्रेड वॉलेसचा लेख टपालाने आला. डार्विनची वीस वर्षांची कल्पना त्यात मोजक्या पानांत मांडलेली होती! १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन वाचले गेले. डार्विन तिथे नव्हता. तीनच दिवसांपूर्वी त्याचे तान्हे मूल तापाने गेले होते.

यानंतर महाग्रंथ बाजूला ठेवून त्याने त्याचा संक्षेप लिहायला घेतला. तपशिलांचे डोंगर मागे राहिले, तळटीपा गेल्या. सुरुवात केली ती कबुतरे पाळणाऱ्यांच्या गोष्टीपासून, वाचकाला ठाऊक असलेल्या जगातून. पद्धत साधी होती. आधी शब्द अर्धेमुर्धे तोडून पाने भराभर खरडायची आणि मग सावकाश दुरुस्त करायची. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली, की ती तत्काळ टिपून ठेवायची. कारण अशाच गोष्टी मन लवकर विसरते. जमेइतकीच नावेची बाजूही मांडल्याशिवाय हिशेब जुळत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको. ग्रंथात आपल्याच सिद्धान्तावरील अडचणींना त्याने स्वतंत्र प्रकरण दिले.

मग हस्तलिखित इतरांच्या हाती गेले. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर याने प्रकरणे तपासली. त्याच्या घरी तर चुकून त्यातली काही पाने मुलांच्या चित्रांच्या कागदांत गेली! जॉर्जिना टॉलेट या स्नेही बाईने भाषा पाहिली, पत्नी एमाने मुद्रिते वाचली. छापलेल्या मजकुरावर डार्विनने इतकी खाडाखोड केली, की त्या खर्चाचा वाटा उचलण्याची तयारी त्याने आपण होऊन प्रकाशक मरेला कळवली.

२४ नोव्हेंबर १८५९ रोजी ग्रंथ निघाला, तेव्हा डार्विन पन्नाशीचा होता. नावाजलेला संशोधक असूनही वाक्य सुधारून घ्यायला तो लाजला नाही. पुढे १८७१ च्या मानववंशावरील ग्रंथाचे हस्तलिखित त्याने मुलगी हेन्रिएटाकडे संस्कारासाठी दिले.

अनुभवी संशोधकाला आपला विषय इतका पाठ असतो, की वाचकाला तो ठाऊक नाही याचाच विसर पडतो. जीवशास्त्राच्या आजच्या प्रयोगशाळांतूनही कित्येक चांगले निष्कर्ष दुर्बोध लेखांत अडकून पडतात. वॉलेसचे पाकीट काही प्रत्येकाच्या दारी येत नाही. खर्डा दुसऱ्याच्या हाती देण्याचे धैर्य मात्र कुणालाही करता येते.