डॉ. मारिया मॉन्टेसरी

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म १८७० साली इटलीत झाला. मुलींनी वैद्यकशास्त्र शिकणे त्या काळी तेथे फारसे कोणास रुचत नसे. तरीही १८९६ मध्ये त्या रोम येथे डॉक्टर झाल्या. बुद्धीने मंद ठरवून टाकून दिलेली काही मुले त्यांनी हाती घेतली. ती लिहावाचावयास शिकून परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी वाहवा केली. बाई मात्र विचारात पडल्या, की मग निरोगी मुले एवढी मागे का राहतात?

१९०७ च्या जानेवारीत रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत त्यांचे 'बालगृह' सुरू झाले. आईबाप कामावर गेले की मुले इमारतीच्या भिंती खराब करीत, म्हणून चालकांनीच ही सोय केली होती! मुले सुमारे पन्नास, भेदरलेली, रडवी.

एकदा तीन वर्षांची एक मुलगी ठोकळ्याच्या लहानमोठ्या भोकांत लाकडी गट्टू बसवीत होती. बाईंनी इतर मुलांना गाणे म्हणावयास लावले. अखेर त्या मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम पुढे चालविले! चाळीसहून अधिक वेळा तोच उद्योग करून ती थांबली, तेव्हा थकलेली नव्हे, तर झोपेतून उठल्यासारखी प्रसन्न दिसत होती. तेथे छडी नव्हती, बक्षीसही नव्हते. होती ती कामाची गोडी.

पुढे एके दिवशी बाईंनी नाक कसे शिंकरावे हे मुलांना शांतपणे दाखविले. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला! शेंबड्या नाकाबद्दल बोलणी सर्वांनी खाल्ली होती. ते स्वच्छ कसे करावे, हे त्यांचा मान राखून कोणी शिकविलेच नव्हते. (आम्हा शिक्षकांना हे वाचून खजील व्हावे लागते.)

खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवून मुलांचा हात वळत होता. हिवाळ्यातील एका दुपारी गच्चीवर बाईंनी पाच वर्षांच्या मुलाला खडूने धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले व ते पाहून शाबासकी दिली. मुलगा क्षणभर घुटमळला. मग आपल्याला लिहिता येते, असे आनंदाने ओरडून त्याने फरशीवर आपल्या भाषेत 'हात' हा शब्द लिहिला. मग 'धुराडे', मग 'छप्पर'. ते पाहून इतर मुलेही खडू मागू लागली.

१९३९ मध्ये बाई मद्रासला आल्या व महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. १९५२ साली त्या निवर्तल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे हीच दृष्टी ठेवून गरीब मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. तेथे महाग साहित्याऐवजी मुलांच्या हाती शिंपले, बिया आणि खडे असत.