मरुभूमीचे संत श्रीजांभोजी महाराज

धर्माचरण म्हटले की आपल्या मनापुढे देवघर, तीर्थक्षेत्र अथवा एखादे मोठे अनुष्ठान उभे राहते. चूल, पाण्याचा घडा आणि गोठा हीही धर्माचरणाची स्थाने आहेत, हे आपण सहसा विसरतो. राजस्थानच्या मरुभूमीत होऊन गेलेले श्रीजांभोजी महाराज यांनी हेच सत्य गृहस्थांच्या हाती दिले. म्हणून त्यांचे चरित्र प्रत्येक गृहस्थाने मनन करण्यासारखे आहे.

विक्रम संवत १५०८, म्हणजे इसवी सन १४५१ मध्ये, श्रीकृष्णजन्माष्टमीच्या पुण्यतिथीस नागौर प्रांतातील पीपासर गावी पंवार रजपूत कुळात त्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव लोहटजी व मातेचे नाव हंसादेवी. बालपणी सात वर्षे ते मौन होते आणि पुढे सत्तावीस वर्षे त्यांनी गुरे राखली, असे परंपरा सांगते. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले. मातापित्यांच्या देहावसानानंतर त्यांनी घरदार व संपत्ती यांचा त्याग केला आणि समराथळ नावाच्या वाळूच्या टेकडीवर आसन मांडले.

ज्याने मरुभूमीत गुरे राखली, त्याला वृक्षाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तेथे खेजडी नावाचा वृक्ष होतो. आपण ज्याला शमी म्हणतो, ज्याच्यावर पांडवांनी अज्ञातवासाच्या वेळी शस्त्रे ठेवल्याची कथा महाभारतात आहे, तोच हा वृक्ष. त्याची मुळे खोलवर जातात, म्हणून पाऊस नसतानाही तो हिरवा राहतो. त्याचा पाला गुरांना चारा होतो, शेंगांची भाजी माणसांच्या पोटी जाते आणि त्याच्या सावलीत बाजरीचे पीक चांगले येते. असा एक वृक्ष तोडणे म्हणजे माणसाच्या व गुरांच्या मुखातील घास काढून घेणे होय.

संवत १५४२ मध्ये, म्हणजे १४८५ साली, त्या प्रदेशात घोर दुष्काळ पडला. लोक गाव सोडून निघाले. त्यांना महाराजांनी धान्य देऊन आधार दिला, असे सांगतात. परंतु धान्य संपते, आचरण टिकते. त्याच वर्षी समराथळावर त्यांनी कलशस्थापना करून नव्या पंथाची दीक्षा दिली व एकोणतीस नियम घालून दिले. वीस आणि नऊ, यावरून त्या अनुयायांस बिश्नोई नाव पडले, अशी समजूत आहे.

हे नियम पाहिले असता त्यांत दुर्घट असे काहीच आढळत नाही. पहाटे स्नान करावे, हवन करावे, शील व संतोष राखावा, निंदा व असत्य टाळावे. पाणी व दूध गाळून घ्यावे. जळण चुलीत घालण्यापूर्वी झाडून पाहावे, म्हणजे त्यात दडलेला किडामुंगीसारखा जीव अग्नीत पडणार नाही. हिरवे झाड तोडू नये. प्राणिमात्रांवर दया करावी. बोकड व मेंढे खाटकाच्या हाती न देता त्यांच्यासाठी आश्रयस्थान राखावे. मद्य, अफू, तमाखू यांपासून दूर राहावे. या पंथात प्रेताचे दहन न करता ते भूमीत पुरण्याची रीत आहे. तिनेही लाकूड वाचते.

१५३६ मध्ये महाराजांनी देह ठेवला. बिकानेर प्रांतातील मुकाम येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्या पश्चात सुमारे दोनशे वर्षांनी या नियमांची कसोटी लागली. १७३० साली जोधपूरच्या राजाच्या बांधकामाकरिता चुना भाजावयास लाकूड हवे होते. राजसेवक खेजडली गावी शमीवृक्ष तोडण्यास आले. तेव्हा अमृतादेवी नावाची गृहिणी वृक्षाला मिठी मारून उभी राहिली. तिने व तिच्या तीन कन्यांनी प्राण दिले. त्यांच्यामागून आणखी माणसे पुढे आली आणि एकूण ३६३ स्त्री-पुरुषांनी देह अर्पण केला. अखेर राजा महाराज अभयसिंह यांनी ती तोड थांबविली व बिश्नोईंच्या गावांत वृक्षतोडीस मनाई केली.

वाचकहो, हे धैर्य त्या दिवशी अकस्मात आले नव्हते. जी गृहिणी रोज सकाळी जळण झाडताना मुंगीचा विचार करते, तिचे अंतःकरण वृक्षावर कुऱ्हाड पडताना स्वस्थ राहू शकत नाही. लहान नियम नित्य पाळल्याने जी वृत्ती घडली, तीच प्रसंगी महात्यागाच्या रूपाने प्रकट झाली.

आज पुष्कळ घरांत चुलीच्या जागी गॅसची शेगडी व घड्याच्या जागी नळ आला आहे. तथापि नियमाचा आत्मा तोच आहे. डाळ आधी भिजत घालावी व भांड्यावर झाकण ठेवून शिजवावी, म्हणजे जळण कमी लागते. भाज्या धुतलेले पाणी तुळशीला घालावे. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी अंगणात पाणी ठेवावे. पूजेस शमीपत्र हवे असल्यास मोजकी पाने खुडावी, फांदी मोडू नये. एकोणतीस नियम एकदम साधणार नाहीत. यांतील एक जरी आजपासून निष्ठेने धरला, तरी तो आपल्या आन्हिकाचाच भाग होईल आणि घरातील मुले तो न सांगताच शिकतील.