जुन्या कागदांचा साक्षेपी वाचक : कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

मराठ्यांच्या इतिहासाची साधने घरोघर हिंडून ज्यांनी गोळा केली, त्या इतिहासाचार्य राजवाडे ह्यांचे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ऐकले असेल. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि ज्या कामास त्यांनी आयुष्य वाहिले, त्याचा संबंध आमच्या बारामती व इंदापूर तालुक्यांतील मंडळ्यांशीही पोहोचतो. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

राजवाडे ह्यांचा जन्म १८६३ साली कोकणात वरसई ह्या गावी झाला. वडील लहानपणीच वारले. पुण्यास बी. ए. पर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाचे काम केले. पत्नी अल्पवयात निवर्तली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. जाडीभरडी वस्त्रे, हातचा स्वयंपाक आणि पायी प्रवास असा त्यांचा जीवनक्रम ठरला.

पुण्याचे पेशवे दफ्तर त्या काळी सर्वांस खुले नव्हते. तेव्हा जुने कागद लोकांच्या घरांतच शोधले पाहिजेत, असे त्यांनी मनाशी घेतले. हे काम सोपे नव्हते. कागद दाखविले तर वतन जाईल, ह्या भीतीने पुष्कळ घरधनी रुमाल सोडीत नसत. कित्येक ठिकाणी वाळवीने व पावसाने आधीच घात केलेला असे. तरीही १८९८ साली पानिपतच्या काळातील पत्रांचा पहिला खंड त्यांनी छापून काढला, आणि पुढे अशा खंडांची संख्या बावीस झाली.

हे कागद बहुधा मोडी लिपीत असत. मोडीत आधी ओळीची रेघ ओढून घेतात आणि बोरू फारसा न उचलता अक्षरे तिला लटकावीत जातात. शब्दाशब्दांत जागा सोडीत नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत. त्यामुळे एकच नाव दोन तऱ्हांनी वाचले जाण्याचे भय असते. सालाचेही तसेच. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पण शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. शुहूर १००५ हा आकडा कोणी शक समजून वाचला, तर पूर्वज पाचशे वर्षांहून अधिक मागे जाऊन बसतो! शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, त्या काळच्या कागदांत हेच शुहूर सन वारंवार येते. शहाजीराजांकडे पुणे व सुपे हे परगणे होते, आणि त्यांच्या दरबारच्या जयराम कवीचा ग्रंथ राजवाडे ह्यांनीच १९२२ साली प्रसिद्ध केला.

ह्या कागदांत केवळ राजेरजवाडेच आहेत असे नाही. वतनाचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे, वादी आपल्या घराण्याची हकीकत करीना म्हणून लिहून देई, आणि निर्णयाचा महजर होई. त्यावर पाटील नांगराची खूण करी, आणि बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या खुणा काढीत. गावच्या शिवेचा वाद निघाला तर महाराची साक्ष मोलाची मानीत. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांचे पूर्वज ह्याच लोकांत होते. ज्यांस अक्षर येत नव्हते आणि ज्यांस गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांचीही नावे साक्षीदार म्हणून तेथे उभी आहेत.

राजवाडे ह्यांच्या अंगी दोष नव्हते असे नाही. स्वभाव तापट होता. १९१० साली खंडेराव मेहेंदळे ह्यांच्याबरोबर त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, पण पुढे मतभेद होऊन ते धुळ्यास गेले, व तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांची कित्येक अनुमाने पुढील पंडितांनी नाकारली. मात्र कागद जसा मिळाला तसा त्यांनी लोकांपुढे ठेवला. म्हणून त्यांचे मत चुकले तेथेही साक्ष शाबूत राहिली. साक्ष एक आणि आपले मत दुसरे, हा भेद प्रत्येकाने शिकावा असा आहे.

खोटा कागद गावे उजाड करतो, हे इंदापूरने पाहिले आहे. प्रिंगल साहेबांच्या मोजणीत लबाडी व चुका शिरल्या, आकार भारी बसला, आणि कुळे जमिनी टाकून निघून गेली. गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी १८३५ पासून तेथे नव्याने तपासणी केली, तेव्हा लागवड पुन्हा वाढली. उलट, खरा कागद काय करतो हे एज्राच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. दारयावेश राजाने दफ्तर शोधविले, अखमथा येथे कोरेश राजाची आज्ञा सापडली, आणि मंदिराचे अडलेले काम पूर्ण झाले.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी आहे. घरात जुना रुमाल असेल तर तो रद्दीत घालू नका, ओलीत ठेवू नका, फाटलेला कागद गोंदाने चिकटवू नका. मोडी जाणणाऱ्याकडून अक्षरशः नक्कल करून घ्या. जे लागत नाही तेथे जागा कोरी सोडा. थोर कुळाशी नाते जोडण्याच्या हौसेने ती भरू नका. साल जसे लिहिले असेल तसेच आधी उतरून घ्या, मग हिशेब करा.

आणि उपदेशक बंधूंस आणखी एक सांगणे. बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वहीत आपण आज जे नाव लिहिता, त्याचा शोध शंभर वर्षांनी कोणाचा तरी पणतू करील. तेव्हा आईचे नाव, गाव व तारीख सुवाच्य अक्षरात, पक्क्या शाईने आणि खरी लिहा. प्रभूच्या कळपातील लहानात लहानाचेही नाव पुसट राहू नये.