रक्तगट जुळला, तरी रक्त का बाधते? कार्ल लँडस्टायनर यांच्या आयुष्यात दडलेले उत्तर

दरवर्षी १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो. ही कार्ल लँडस्टायनर यांची जन्मतारीख. रक्तगट त्यांनी शोधले, हे अनेकांना माहीत असते. पण फक्त गट जुळून भागत नाही, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. सिकलसेल असलेल्या गरोदर महिलांसाठी ही बाब जीवनमरणाची ठरू शकते.

कोण होते लँडस्टायनर?
१८६८ मध्ये व्हिएन्नात जन्म. वडील पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असताना ते वारले आणि आईने मुलाला वाढवले. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले, पण ओढा प्रयोगशाळेकडेच राहिला.

रक्तगट कसे सापडले?
त्यांनी स्वतःचे आणि पाच सहकाऱ्यांचे रक्त घेतले. एकाच्या लाल पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळल्या. काही ठिकाणी पेशींच्या गुठळ्या झाल्या, काही ठिकाणी नाही. त्यातून १९०१ मध्ये तीन रक्तगट समोर आले. चौथा, एबी, पुढच्या वर्षी इतरांना सापडला. १९३० मध्ये लँडस्टायनर यांना नोबेल मिळाले.

मग अडचण कुठे होती?
पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत त्यांनी व्हिएन्ना सोडले. पुढे ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. १९३९ मध्ये त्यांचे जुने सहकारी फिलिप लेव्हिन यांनी एका महिलेची नोंद प्रसिद्ध केली. तिचे बाळ पोटातच दगावले होते. नंतर तिला पतीचे रक्त दिले. दोघांचा गट ओ, तरीही तिला ते बाधले. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी आरएच घटक जाहीर केला आणि अशा घटनांचा उलगडा होऊ लागला. १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच लँडस्टायनर यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

सिकलसेलशी संबंध काय?
लाल पेशींवर एबीओशिवाय आरएचचे अनेक उपप्रकार, केल अशा खुणा असतात. वारंवार रक्त घेणाऱ्या सिकलसेल रुग्णांत परक्या खुणांविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात. काही काळाने त्या इतक्या कमी होतात की तपासणीत दिसत नाहीत. पुन्हा तसेच रक्त मिळाले की त्या झपाट्याने वाढतात आणि दिलेल्या पेशी फोडतात. गरोदरपणात काही अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंतही पोहोचतात.

काय लक्षात ठेवाल?
विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. गरोदर महिलेने आधी कधी, कुठे रक्त घेतले आणि त्रास झाला का, हे डॉक्टरांना सांगावे. जुनी कागदपत्रे जपावीत. रक्त चढवल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, कावीळ किंवा गडद लघवी झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे. हे दुखणे नेहमीच्या सिकलसेलच्या त्रासासारखेच वाटू शकते. त्यामुळे नुकतेच रक्त घेतले आहे, हे तिथे आधी सांगावे.