शिकारी राजा आणि राखलेले रान

राजर्षी शाहू छत्रपती म्हटले की वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण आणि १९०२ सालचा राखीव जागांचा हुकूम आपणांस आठवतो. परंतु महाराज हाडाचे शिकारीही होते, आणि त्या छंदाचे एक फळ आजही सह्याद्रीत उभे आहे. तेवढीच बाजू आम्ही येथे मांडीत आहोत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले व १८९४ साली राज्यकारभार त्यांच्या हाती आला. कुस्तीइतकीच त्यांना शिकारीची आवड. चित्त्यांकरवी काळवीट धरण्याचा खेळ त्यांना विशेष प्रिय होता. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्यास गाडीतून माळावर नेत व कळप दिसताच टोपी काढून मोकळे सोडीत.

शिकार हवी तर रान हवे. दाजीपूरचे रान संस्थानाने शिकारीसाठी राखले. अशा रानात इतरांच्या बंदुकीस व कुऱ्हाडीस मज्जाव असे. रानाची खरी जाण असलेल्या फासेपारध्यांवर त्या काळी गुन्हेगारीचा शिक्का होता. महाराजांनी त्यांना जवळ केले, कामे दिली. १९१८ साली अशा जमातींची हजेरीची जाचक पद्धतही संस्थानात बंद केली.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. पुढे १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. हौसेने पाळलेला चित्ता उरला नाही, कारण त्याचे माळ कोणी राखले नाहीत. गवा मात्र वाचला, कारण त्याचे रान राखलेले होते. १९५८ साली तेच दाजीपूरचे रान अभयारण्य झाले व २०१२ साली राधानगरी अभयारण्य म्हणून जागतिक वारशात गणले गेले.

अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळविला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद झाली. आता रान राखावयास ना राजा, ना शिकारी. आपल्या कांजूरमार्गच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. तेथील रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य झाले. ते राखण्याचा भार आता आपणा सर्वांवर आहे, हे तरुण ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी ध्यानी घ्यावे, एवढीच आमची विनंती.