टेरी फॉक्स : माणशी एक डॉलर मागत धावलेला मुलगा



परिपाठात थोर व्यक्तींची माहिती सांगायची म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. जयंती, पुण्यतिथी, दिनविशेष. त्यात चूक काहीच नाही. पण आज त्या यादीत सहसा नसलेल्या एका मुलाबद्दल लिहितोय. मुलगाच म्हणतो, कारण तो गेला तेव्हा त्याला तेवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. कॅनडात त्याचं नाव माहीत नसलेला शाळकरी पोरगा शोधून सापडायचा नाही. नाव टेरी फॉक्स.

ही गोष्ट वर्गात सांगायला एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. यात तो शेवटी जिंकत नाही. ठरवलेल्या ठिकाणी पोचतसुद्धा नाही. मी पहिल्यांदा सातवीला ही गोष्ट सांगितली तेव्हा शेवट जरा गुळगुळीत करून टाकला होता. तास संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आलाच, की सर, मग तो समुद्रापर्यंत पोचला का? तेव्हापासून मी ती आहे तशीच सांगतो. तुम्हीही तशीच सांगा.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ चा, कॅनडातल्या विनिपेग शहरातला. वाढला तो पार पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, पोर्ट कोक्विटलम नावाच्या गावी. वडील रोलंड रेल्वेत नोकरीला, आई बेटी. चार भावंडं. साधं, कष्टाचं घर.

पोराला वेड बास्केटबॉलचं, आणि उंची जेमतेम पाच फूट! आठवीत असताना त्याच्या शिक्षकांनी, बॉब मॅकगिल यांनी, त्याला सुचवलं की बाबा रे, तू लांब पल्ल्याचं धावून बघ, तुझ्या अंगाला ते जास्त मानवेल. टेरीला धावण्यात काडीचा रस नव्हता. पण सरांबद्दल आदर होता म्हणून धावायला लागला. बास्केटबॉलही सोडला नाही. त्या वर्षी संघात एकोणीस मुलं होती आणि हा एकोणिसावा. सबंध हंगामात त्याला मैदानावर मिळालं ते एक मिनिट. हो, एक मिनिट! मग डग अल्वर्ड या जिवलग मित्राबरोबर सकाळी लवकर जाऊन सराव, सुट्टीत सराव. दहावीपर्यंत तो पहिल्या पाचांत आला, आणि बारावीत शाळेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हा मान त्याला आणि डगला मिळून मिळाला. पुढे सायमन फ्रेझर विद्यापीठात त्याने शरीराच्या हालचालींचं शास्त्र हा विषय घेतला. का? तर त्याला शाळेत खेळाचा शिक्षक व्हायचं होतं. आपल्या भाषेत पीटीचे सर.

नोव्हेंबर १९७६ मध्ये गाडी चालवताना त्याचा एक अपघात झाला. गाडीचं नुकसान झालं, याचा फक्त उजवा गुडघा दुखावला. दुखणं येत-जात राहिलं. बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत अंगावर काढू, असं त्याने ठरवलं. (आपली मुलंही हेच करतात, नाही का? संघातून नाव जाईल म्हणून दुखणं लपवतात.) मार्च १९७७ मध्ये दुखणं असह्य झालं, तपासण्या झाल्या आणि कळलं की हा हाडाचा कॅन्सर आहे, ऑस्टिओसार्कोमा. अपघाताचा आणि कॅन्सरचा संबंध नाही असं डॉक्टरांचं म्हणणं होतं, टेरीच्या मनातून मात्र तो संबंध कधी गेला नाही. उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तेव्हा त्याचं वय अठरा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याचे शाळेतले बास्केटबॉलचे प्रशिक्षक भेटायला आले. येताना त्यांनी एक मासिक आणलं होतं. त्यात डिक ट्रॉम या माणसाची हकीकत होती. हा माणूस १९७६ साली कृत्रिम पायावर न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण धावला होता. जरा विचार करा. उद्या ज्याचा पाय जाणार, त्याला आज काय बोलणार? शब्द सापडत नाहीत. त्या सरांनी एक लेख वाचायला दिला. पुढचं सगळं त्या लेखातून उगवलं.

पण लगेच नाही. आधी सोळा महिने केमोथेरपी. या काळात टेरीने कॅन्सरचा वॉर्ड आतून पाहिला. त्याच्यापेक्षा लहान मुलं तिथे होती, वेदनेने विव्हळणारी. काही ओळखीची झाली आणि मग एके दिवशी दिसेनाशी झाली. त्याच वेळी त्याला आणखी एक गोष्ट कळली. त्याच्या प्रकारच्या कॅन्सरमधून वाचण्याची शक्यता दोन वर्षांपूर्वीपर्यंत शेकडा पंधरा होती. नवीन औषधांमुळे ती शेकडा पन्नासवर आली होती. म्हणजे आपण जिवंत आहोत ते कुणीतरी प्रयोगशाळेत बसून केलेल्या कामामुळे, आणि त्या कामाला पैसा लागतो. हा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का बसला.

ही जागा वर्गात घाईने ओलांडू नका. टेरी फॉक्सला नुसता जिद्दी खेळाडू केलं की गोष्टीचा जीवच जातो. तो स्वतःला सिद्ध करायला धावला नाही. पाय तर परत येणार नव्हता. तो संशोधनासाठी पैसे गोळा करायला धावला.

फेब्रुवारी १९७९ मध्ये सराव सुरू झाला. घरी सांगितलं की मॅरेथॉनची तयारी करतोय. खरा बेत पोटात. आता त्याचं धावणं कसं होतं ते मुलांना सांगू नका, करून दाखवायला लावा. आपल्याकडे लंगडी आहेच! त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेला, धावण्यासाठी नव्हे. तो मागून पुढे यायला वेळ घ्यायचा. तेवढ्या वेळात टेरी चांगल्या डाव्या पायावर दोनदा उडी मारायचा आणि मग कृत्रिम पायावर एक पाऊल. उडी, उडी, पाऊल. उडी, उडी, पाऊल. मी मुलांना या चालीने मैदानाला एक फेरी मारायला सांगतो. अर्ध्या फेरीत हसणं थांबतं. उरलेल्या मांडीचं टोक कृत्रिम पायात घासून सोलपटायचं, फोड यायचे, रक्त यायचं. चौदा महिने हे चाललं. मध्ये फक्त नाताळची एक सुट्टी, तीसुद्धा आईने गळ घातली म्हणून. सप्टेंबर १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्ज या गावी तो सत्तावीस किलोमीटरची शर्यत धावला आणि शेवटचा आला. पण पूर्ण केली.

त्यानंतर त्याने बेत फोडला. अटलांटिक महासागरापासून पॅसिफिक महासागरापर्यंत, आख्खा कॅनडा, आठ हजारांहून जास्त किलोमीटर, रोज एक मॅरेथॉन. म्हणजे रोज बेचाळीस किलोमीटर. आईने साफ नाही म्हटलं. वेडेपणा वाटला तिला. पालकहो, तुम्हाला मला नाही वाटला असता का? वडिलांनी मात्र एवढंच विचारलं की कधी निघतोस.

कॅनडाच्या कॅन्सर सोसायटीलाही आधी शंकाच होती. त्यांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणायला सांगितलं. तपासणीत हृदयाचा एक दोष निघाला, तेव्हा त्रास होताच थांबेन या वचनावर परवानगी मिळाली. गाडी, पेट्रोल, बूट वेगवेगळ्या कंपन्यांनी दिले. पण आमच्या मालाची जाहिरात कर अशी अट घालणाऱ्यांना त्याने परत पाठवलं. या धावण्यातून कुणीही, तो स्वतःही, एक छदाम कमवायचा नाही, हा नियम त्याने पहिल्या दिवशी घातला तो शेवटपर्यंत पाळला.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स शहरात त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला. दोन बाटल्यांत ते पाणी भरून घेतलं. एक आठवण म्हणून ठेवायची, दुसरी पार पलीकडे व्हिक्टोरियाला पोचल्यावर पॅसिफिकमध्ये ओतायची. आणि निघाला. सोबत डग, गाडी चालवायला.

सुरुवातीला थंडी, वादळी वारा, पाऊस, बर्फ. रस्त्यावर माणूस नाही. मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोर्ट ओ बास्क हे गाव लागलं. वस्ती दहा हजारांच्या आसपास आणि तिथल्या लोकांनी दिले दहा हजारांहून जास्त डॉलर. माणशी एक डॉलर! पुढे त्याचं मागणंच तसं झालं. देशाची लोकसंख्या तेव्हा दोन कोटी चाळीस लाखांच्या घरात. प्रत्येकाने एक डॉलर द्यावा, बस्स.

आता जे बहुतेक लेखांत गाळलं जातं ते. तो आणि डग भांडले. इतके, की एकाच गाडीत राहून एकमेकांशी बोलेनात. चोवीस तास एकत्र, एक जण दमलेला, दुखावलेला, हट्टी, दुसऱ्याला कधीच आभार नाहीत, मग काय होणार? आईवडील हॅलिफॅक्सला धावत आले, दोघांना समजावलं, आणि पुढे सतरा वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल सोबतीला आला. क्वेबेक हा फ्रेंच बोलणारा प्रांत. याला फ्रेंच येईना, बातमी तिथे पोचलेली नव्हती, हमरस्त्यावर गाड्या अगदी अंगावरून जायच्या. देणग्या जवळपास नाहीतच.

ऑन्टारिओ प्रांताची हद्द ओलांडली आणि चित्र पालटलं. गावोगावी बँड, पोलिसांची गाडी पुढे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. हॉटेल व्यवसायातले इसाडोर शार्प यांचा मुलगा कॅन्सरनेच गेला होता. त्यांनी मैलामागे दोन डॉलर कबूल केले आणि इतर नऊशे नव्व्याण्णव कंपन्यांनाही तेच करा म्हणून साद घातली. ११ जुलैला टोरोंटोत दहा हजार लोक जमले आणि त्या एका दिवसात लाखभर डॉलर गोळा झाले. २८ जुलैला बाविसावा वाढदिवस, त्या दिवशीही तो धावलाच. टेरेस बे गावाजवळ त्याला दहा वर्षांचा एक मुलगा भेटला. त्याचाही पाय याच आजाराने गेलेला. तो टेरीच्या मागे सायकल चालवत राहिला, दोघं तळ्यात पोहले. सबंध प्रवासातला हा दिवस टेरीला सर्वांत मोलाचा वाटला.

शरीर मात्र कुरकुरत होतं. नडगीला सूज, गुडघ्याला त्रास, चक्कर. डॉक्टरांकडे नियमित तपासायला तो जाईना. हेही मुलांना सांगायला हवं, झाकू नका. तो हट्ट बरोबर होता का, यावर माझ्या वर्गात दरवर्षी वाद होतो. मी निकाल देत नाही. खरं सांगायचं तर मला तो देता येत नाही.

१ सप्टेंबर १९८०. थंडर बे शहराजवळ सकाळी धावताना खोकला आणि छातीत कळ. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक ओरडून धीर देत होते, त्यांच्यासमोर थांबायचं जिवावर आलं म्हणून तो आणखी थोडा धावला. गर्दी मागे पडल्यावर डगला म्हणाला की दवाखान्यात ने. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी रस्ता साधारण पावणेचार हजारांचा, म्हणजे अंदाज येईल. गणिताच्या तासाला भागाकार करून घ्या. दिवसाची सरासरी बेचाळीस नाही, साडेसदतीसच्या आसपास येते. काही दिवस पूर्ण पल्ला झाला नाही, हे आकडाच सांगतो.

तोवर जमले होते सतरा लाख डॉलर. आपण सुरू केलेलं आता दुसऱ्यांनी पुढे न्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. आठवडाभरात एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात पाच तासांत एक कोटी पाच लाख डॉलर उभे राहिले. आणि १ फेब्रुवारी १९८१ ला निधी दोन कोटी एकेचाळीस लाखांवर गेला. देशाची लोकसंख्या तेवढीच होती. माणशी एक डॉलर झाला, आणि तो टेरीने जिवंतपणी पाहिला. २८ जून १९८१ ला तो गेला. तेविसाव्या वाढदिवसाला एक महिना बाकी होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिली टेरी फॉक्स रन झाली. तीन लाखांहून जास्त लोक आले. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, पदक नसतं, टी-शर्टावर प्रायोजकांची नावं नसतात. चाललात तरी चालतं. आता ती अनेक देशांत होते, मुंबईतही झालेली आहे. त्याच्या नावाने आजवर जमलेली रक्कम ऐंशी कोटी डॉलरच्या वर गेली आहे.

आणि ती आई, जिने आधी नाही म्हटलं होतं? बेटी फॉक्स पुढची जवळपास तीस वर्षं शाळाशाळांतून मुलांना ही गोष्ट सांगत फिरल्या, अगदी २०११ मध्ये जाईपर्यंत. टेरी ज्या शाळेत बारावी शिकला, तिचं नाव १९८६ मध्ये टेरी फॉक्स सेकंडरी स्कूल झालं. त्याला पीटीचा सर व्हायचं होतं. त्या शाळेतली मुलं आजही दर सप्टेंबरात त्याच्या नावाने धावायला बाहेर पडतात.