विल्यम जॉन लिटल

विल्यम जॉन लिटल (७ ऑगस्ट, इ.स. १८१० - ७ जुलै, इ.स. १८९४) हे इंग्लिश वैद्यक होते. इंग्लंडमधील अस्थिव्यंगोपचाराच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. लहान मुलांचे हातपाय ताठर होऊन त्यांच्या हालचालींवर मर्यादा आणणाऱ्या विकाराचे त्यांनी प्रथमच सविस्तर वर्णन केले. आज हा विकार मस्तिष्क पक्षाघात किंवा सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखला जातो. त्यातील ज्या प्रकारात दोन्ही पाय विशेष ताठरतात, तो दीर्घकाळ लिटलचा रोग म्हणूनच प्रसिद्ध होता.

बालपण व शिक्षण

लिटल यांचा जन्म लंडनच्या पूर्व भागातील ऑल्डगेट येथे झाला. त्यांचे आईवडील तेथे रेड लायन नावाची खानावळवजा सराई चालवीत. शैशवातच त्यांना पोलिओ झाला. त्यात डाव्या पायाचे स्नायू दुर्बळ झाले आणि पुढे टाचेमागची कंडरा आखडून पाऊल आत वळले. काही काळ ते फ्रान्समधील सेंतोमेर येथील शाळेत होते. लंगडत चालण्यावरून तेथील मुले त्यांना चिडवीत. मात्र तेथे शिकलेल्या फ्रेंच भाषेमुळे युरोपातील वैद्यकीय ग्रंथ त्यांना पुढे मुळातून वाचता आले. लंडनला परतल्यावर ऑल्डगेटमधील एका औषधवैद्याकडे उमेदवारी करून इ.स. १८२८ मध्ये त्यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये प्रवेश घेतला व इ.स. १८३२ मध्ये शल्यवैद्याची परीक्षा उत्तीर्ण केली. वैद्यक शिकण्यामागे स्वतःचा पाय बरा करण्याची इच्छा प्रबळ होती.

हानोफरची शस्त्रक्रिया

आखडलेली कंडरा छेदून पाऊल सरळ करण्याची कल्पना त्या काळी नवी नव्हती. फ्रान्समध्ये देल्पेश यांनी इ.स. १८१६ मध्ये तसा प्रयोग केला होता. परंतु जखम चिघळल्याने त्यांनी तो पुन्हा केला नाही. जंतुसंसर्गाचे ज्ञान व भूल देण्याची सोय दोन्ही नसलेल्या त्या काळात उघडी जखम जिवावर बेतत असे. हानोफरचे शल्यवैद्य लुई श्ट्रोमायर यांनी यावर तोड काढली. कातडीला लहानसे छिद्र पाडून त्यातून अरुंद पात्याचा चाकू आत सरकवावयाचा, कंडरा आतल्या आत छेदावयाची, जखम भरू द्यावयाची आणि मग पट्ट्या व साधनांच्या साहाय्याने पाऊल हळूहळू सरळ करावयाचे, अशी ही पद्धत होती.

लिटल त्या सुमारास बर्लिनमध्ये योहानेस म्युलर यांच्यासारख्या नामवंतांच्या सहवासात शरीररचनेचा अभ्यास करीत होते. तेथील प्रख्यात शल्यवैद्य डीफेनबाख यांचा या शस्त्रक्रियेवर विश्वास नव्हता. तरीही लिटल हानोफरला गेले आणि ६ जून, इ.स. १८३६ रोजी श्ट्रोमायर यांनी त्यांच्या पायावर शस्त्रक्रिया केली. ती यशस्वी झाली. बर्लिनला परतलेल्या लिटल यांचे पाऊल पाहून डीफेनबाख यांचे मत पालटले व त्यांनीही ही पद्धत स्वीकारली. ती शिकून घेण्यासाठी लिटल श्ट्रोमायर यांच्याजवळ राहिले होते. वाकड्या पावलाच्या रचनेवरच लॅटिन भाषेत प्रबंध लिहून त्यांनी इ.स. १८३७ मध्ये बर्लिन विद्यापीठाची पदवी मिळविली. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी इंग्लंडमधील या प्रकारची पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्णाने वैद्याकडे यावे आणि वैद्यच होऊन परतावे, असे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

लंडनमधील कार्य

इ.स. १८३८ मध्ये लिटल यांच्या प्रयत्नांनी शारीरिक व्यंगांच्या उपचारासाठी एका संस्थेची स्थापना झाली. इ.स. १८४० मध्ये तिचे रुग्णालय ब्लूम्सबरी चौकात उघडले व इ.स. १८४५ मध्ये त्याला राजसनद मिळून ते रॉयल ऑर्थोपीडिक हॉस्पिटल झाले. आजच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपीडिक हॉस्पिटलच्या पूर्वसंस्थांपैकी ही एक होय. लंडन हॉस्पिटलमध्येही त्यांनी अनेक वर्षे वैद्य म्हणून काम केले. वाकड्या पावलावरील त्यांचा ग्रंथ इ.स. १८३९ मध्ये, तर मानवी शरीरातील व्यंगांवरील मोठा ग्रंथ इ.स. १८५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

जन्मवेळ आणि ताठरता

रुग्णालयात वाकड्या पायाची मुले येत, तशी आणखी एका प्रकारची मुलेही येत. त्यांच्या मांड्या एकमेकींपासून सहज दूर होत नसत, गुडघे पूर्ण सरळ होत नसत, टाचा जमिनीला टेकत नसत. चालू लागली तरी ती पाय एकमेकांत अडकवत चालत. कित्येकांचे बोलणे अडखळत असे. जन्मतः पावलात दोष नसल्याने बहुधा चालण्याचे वय उलटेपर्यंत घरच्यांना काही कळत नसे. अशा मुलांच्या जन्माची हकीकत विचारण्याची सवय लिटल यांनी लावून घेतली. तेव्हा तीच ती कारणे पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली: अपुऱ्या दिवसांचा जन्म, अडलेले बाळंतपण, जन्मल्यावर बराच वेळ न रडलेले वा श्वास न घेतलेले मूल.

या संबंधाचे सूतोवाच त्यांनी इ.स. १८४३-४४ मधील व्याख्यानांत केले होते. २ ऑक्टोबर, इ.स. १८६१ रोजी लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात ते पूर्णत्वाने मांडले गेले. दोष पायात नसून मेंदूत व मज्जारज्जूत आहे, जन्मवेळी श्वास कोंडल्याने त्यांना इजा पोहोचते, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्वास कोंडलेली बहुतेक मुले पुढे निकोप राहतात, हेही त्यांनी सांगितले होते. सभेतील प्रसूतितज्ज्ञांना ही मांडणी अपरिचित होती आणि सर्वांना ती पटली असे नाही. जन्मवेळच्या इजेचे उदाहरण म्हणून त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकातील तिसऱ्या रिचर्डचा दाखला दिला होता. हे अनुमान मात्र टिकले नाही, इ.स. २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडलेल्या त्या राजाच्या सांगाड्यात पाठीचा कणा वाकडा असला, तरी हातपायांची हाडे सामान्य होती.

निबंधाचा दुसरा भाग कमी चर्चिला गेला, तथापि रुग्णांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा होता. अशी मुले मंदबुद्धीची समजून त्यांचा नाद सोडून देण्याची प्रवृत्ती सर्वत्र होती. शरीर ताठर असूनही बुद्धी शाबूत असलेली मुले लिटल यांनी पाहिली होती. स्नायू ताणणे, अंग चोळणे, दुसऱ्याने हातपाय हलवून देणे, आधाराची साधने, नियमित व्यायाम आणि गरज पडल्यास कंडराछेदन, असा दीर्घकाळ चालणारा उपचारक्रम त्यांनी सुचविला. अगदी परावलंबी दिसणाऱ्या मुलांतही त्याने सुधारणा होते, हे त्यांनी अनुभवाने नोंदविले. आजच्या पुनर्वसनातील भौतिकोपचाराशी याचे साम्य सहज ध्यानात येते.

नंतरचा वाद

इ.स. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी मुलांमधील या विकारांवर ग्रंथ लिहून त्यांचे वर्गीकरण केले. मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी मज्जाविकारतज्ज्ञ असलेले सिग्मंड फ्रॉइड यांनी इ.स. १८९७ मधील ग्रंथात लिटल यांच्या मतावर मूलगामी शंका घेतली. गर्भावस्थेतच काही बिघाड झालेला असेल, तर अवघड बाळंतपण हे त्याचे कारण नसून लक्षण असू शकते, असा त्यांचा तर्क होता. या तर्काकडे अनेक दशके दुर्लक्ष झाले. परिणामी मुलाच्या पंगुत्वाचा दोष सुइणीच्या किंवा डॉक्टरच्या माथी आणि अनेकदा खुद्द आईच्या माथी मारला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ५० हजारांहून अधिक गरोदरपणांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासातून दिसून आले, की जन्मवेळी श्वास कोंडणे हे यांपैकी थोड्याच मुलांच्या बाबतीत कारण असते. अपुऱ्या दिवसांच्या जन्माला लिटल यांनी दिलेले महत्त्व मात्र आजही कायम आहे.

कुटुंब व अखेर

आपल्या एका मुलाचे नाव लिटल यांनी श्ट्रोमायर यांच्यावरून लुई श्ट्रोमायर लिटल असे ठेवले; तोही शल्यवैद्य झाला. दुसरे पुत्र अर्नेस्ट म्युरहेड लिटल हे इ.स. १८१८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे इ.स. १९१८ मध्ये, स्थापन झालेल्या ब्रिटिश ऑर्थोपीडिक असोसिएशनचे पहिले अध्यक्ष होते. चीनमध्ये व्यापार करणारे आर्चिबाल्ड लिटल हेही त्यांचेच पुत्र. आर्चिबाल्ड यांच्या पत्नी ॲलिशिया यांनी मुलींचे पाय बांधून आखूड करण्याच्या चिनी प्रथेविरुद्ध इ.स. १८९५ मध्ये संस्था उभारली. त्याच्या आदल्या वर्षी, केंट परगण्यातील वेस्ट मॉलिंग येथे, लिटल यांचे निधन झाले होते.